बाकीचे फटके

रामटेके सिस्टरांना मी पहिल्यांदा पाहिलं तेव्हा त्यांच्या एका हातात रक्तानं माखलेलं फावडं होतं आणि दुसऱ्या हातानं त्या एका धिप्पाड माणसाची कॉलर धरून त्याला खाटेवर बसवत होत्या. त्याचं डोकं कपाळापासून कानापर्यंत उघडं पडलं होतं. ज्यानं ते फोडलं तो त्याचा चुलतभाऊ समोरच भिंतीला टेकून, मोडलेला हात पोटाशी धरून शिव्या देत होता. धानाच्या रोवणीचे दिवस. पाणी आधी कुणाच्या बांधीत, म्हणजे धानाच्या खाचरात सोडायचं, यावरून शेताच्या धुऱ्यावर दोघांची जुंपली होती. गावानं दोघांना एकाच ट्रॅक्टरवर घालून आणलं. फावडंही त्याच ट्रॅक्टरमधून आलं आणि दवाखान्याच्या दारात पुन्हा चाललं.

सिस्टरांनी माझ्याकडे पाहिलं.

"तुमी कोन?"

"मी नागपूरहून आले. संशोधनासाठी. पत्र पाठवलं होतं मी..."

"मंग उभ्या काहून राहिल्या? हे धरा."

आणि त्यांनी फावडं माझ्या हातात दिलं.

'सरकारी रुग्णालयातील परिचारिका आणि रुग्णसेवा' हा माझा पीएच.डी.चा विषय होता. भंडारा जिल्हा तुटून गोंदिया वेगळा झाला, त्याला तेव्हा काही वर्षं झाली होती. हे तीस खाटांचं रुग्णालय भंडारा जिल्ह्याच्या अगदी पूर्वेच्या टोकाला होतं. त्याचं नाव मी सांगत नाही. नाल्यापलीकडची गावं आता दुसऱ्या जिल्ह्यात गेली होती, पण तिथली माणसं पूर्वीसारखी इकडेच येत. कागदावर जिल्हा बदलला तरी पोटात कळ आली की पाय जुन्याच रस्त्यानं चालतात.

त्या दिवशी दोनच खाटा रिकाम्या होत्या, त्याही शेजारशेजारी. सिस्टरांनी दोन्ही भावांना तिथेच टाकलं. डोकं फुटलेला ओरडत होता, "याले मी जित्ता नाइ सोडत!"

"नोको सोडू," सिस्टर सुईत दोरा ओवता ओवता म्हणाल्या. "पन टाके निघू दे. आता उठशीन तं टाके तुटतीन, अन् मलेच पुन्हा घालाले लागतीन. मले तेवढाच धंदा नाइ."

तिसऱ्या दिवशी दुपारी हात मोडलेला भाऊ एकदम बोंबलू लागला, "सिस्टर! धावा! याची बाटली सरली, रगत वर चढून राह्यलं!" शेजारच्या खाटेवर त्याचा भाऊ झोपला होता आणि सलाइनच्या नळीत रक्त मागे येत होतं. सिस्टरांनी नळी बंद केली, बाटली बदलली आणि ओरडणाऱ्याकडे वळून म्हणाल्या, "एवढी चिंता होती तं फावडा कायले मारला रे?" तो भिंतीकडे तोंड करून झोपला. दोघांचं पुढे काही गोड झालं नाही. बरे होऊन गेले आणि कोर्टात लढत राहिले.

सिस्टर तेव्हा पन्नाशीला आल्या होत्या. बुटक्या, रुंद, आणि चालताना रबरी चपलांचा फटफट आवाज करणाऱ्या. कुणाला किती वाजता काय द्यायचं हे त्या डाव्या तळहातावर पेनानं लिहीत. पाळी संपली की साबणानं तो हात घासून कोरा करत. वॉर्डाच्या दारात त्यांचा एक नियम होता: तंबाखूचा खर्रा आणि हत्यार बाहेर. शेतातून थेट येणाऱ्या बायकांचे विळेसुद्धा त्या काढून घेत आणि औषधांच्या कपाटावर ठेवत. नातेवाईकांना त्या अशा शिव्या देत की मी वहीत लिहायला कचरत असे. वेदनेत असलेल्या माणसाला मात्र हलक्या आवाजात एकच सांगत, "दुखते ना? दुखते म्हंजे जित्ता हाये तू."

माझ्या प्रश्नावलीत एक प्रश्न होता, 'परिचारिका आपल्याशी सौजन्याने बोलतात का?' पुढे तीन चौकटी: नेहमी, कधी कधी, कधीच नाही. एका म्हाताऱ्यानं तो प्रश्न माझ्याकडून दोनदा वाचून घेतला आणि म्हणाला, "शिव्या देते. पन हाक मारली का उठून येते. याच्यासाठी डब्बा कोनता हाये?"

तसा डबा नव्हता.

मी जे पाहिलं ते सगळं चांगलं नव्हतं, हेही सांगायला हवं. एका सकाळी प्रसूतीच्या खोलीत एकोणीस-वीस वर्षांची पहिलटकरीण होती. बाळाच्या मानेला नाळ गुंडाळली होती आणि मुलगी दमून कळ देईना. सिस्टरांनी तिच्या मांडीवर एवढ्या जोरानं चापट मारली की पाचही बोटं उमटली. मग आणखी एक. "दे जोर! लेकरू मरून राह्यलं तुह्यं!" मुलगी किंचाळली. बाळ निळं निघालं, मग रडलं.

मी बाहेर येऊन वहीत लिहीत होते. सिस्टर हात पुसत मागे उभ्या राहिल्या.

"चापट लिवली का?"

"हो."

"किती?"

"दोन."

"हव, दोनच होत्या." त्यांनी हात पुसून संपवले. "मले शिकवनारीनं असंच शिकवलं. तिले तिच्या शिकवनारीनं."

दुपारी त्या त्या मुलीच्या खाटेजवळ गेल्या. बाळाचं लंगोट बदललं आणि विचारलं, "सकाळी लय लागलं काय वो?"

मुलीनं मान वर केली नाही. "लागलं," ती म्हणाली.

मला वाटलं होतं, आता त्या म्हणतील की तुझ्या भल्यासाठीच. त्या तसं म्हणाल्या नाहीत. "बराबर हाये," एवढंच म्हणाल्या. त्यानंतर मी तिथे होते तोवर त्या खोलीत मी चापटीचा आवाज पुन्हा ऐकला नाही. माझ्या वहीमुळे की त्या मुलीच्या एका शब्दामुळे, मला ठाऊक नाही.

रोवणी संपता संपता वनिता आली.

नाल्यापलीकडच्या गावातली, पंचविशीची. उजव्या खांद्यात कुऱ्हाडीची खोल जखम आणि डाव्या हाताची तीन बोटं नाहीत. कुऱ्हाड अंगावर येताना माणूस आधी हात वर करतो. सासू सोबत होती. ती सगळ्यांना सांगत होती की सरपण फोडताना पाय घसरला. पोलीस आला तेव्हाही वनिता सासूकडे पाहूनच बोलली, पाय घसरला म्हणून.

सिस्टरांनी सासूला रक्ततपासणीचा कागद आणायला पार टोकाच्या खोलीत पाठवलं. मग खाटेवर बसून वनिताचे केस सोडले. केसांत वाळलेलं रक्त होतं. ओल्या कापडानं एकेक बट सोडवत त्या म्हणाल्या, "कोनं केलं हे मी नाइ पुसत. कोनत्या हातानं केलं, तेवढं सांग."

तिनं दाराकडे पाहिलं.

"दोन्ही," वनिता म्हणाली.

मग ती सगळं बोलली. सिस्टरांनी पोलिसाला परत बोलावून घेतलं आणि जबाब नव्यानं लिहून घ्यायला लावला. नवऱ्याचं नाव देवराम. पोलिसानं कागद केले आणि तो म्हणाला, गाव त्या जिल्ह्यातलं, गुन्हा तिकडे वर्ग करावा लागेल. तिकडचे म्हणाले, आमच्याकडे काही आलंच नाही. सिस्टर रोज फोन लावत. एकदा मी शेजारीच होते. त्या फोनवर ओरडल्या, "नाल्याच्या कोनत्या बाजूनं कुऱ्हाड मारली ते पाहून पकडता का तुमी लोकं?" फोन ठेवला गेला.

या सगळ्या दिवसांत देवराम मोकळाच होता. दोनदा तो केळी घेऊन दवाखान्याच्या फाटकाशी आला. अंगानं किरकोळ, धुतलेला सदरा, बोलणं नम्र. "बायकोले पाहू द्या ना, बाई," म्हणायचा. सिस्टरांनी दोन्ही वेळा केळी परत केली आणि त्याला हाकललं. मोठ्या डॉक्टरांकडे त्यांनी वॉर्डाच्या दाराशी एक माणूस मागितला. दोन दिवस एक शिपाई बसला, मग त्याला दुसऱ्या कामाला लावलं.

ज्या दिवशी घडलं त्या दिवशी चार वाजता भेटीची वेळ सुरू झाली होती. बायकांच्या वॉर्डात गर्दी होती. दोन सिस्टरांपैकी एक प्रसूतीच्या खोलीत होती. रामटेके सिस्टर खिडकीपाशी एका म्हातारीला इंजेक्शन देत होत्या आणि मी भिंतीला टेकून प्रश्नावली भरून घेत होते. देवराम त्याच धुतलेल्या सदऱ्यात आत आला. काखेत पोत्यात गुंडाळलेलं काहीतरी होतं. गर्दीत त्याला कुणी अडवलं नाही. वनिताच्या खाटेपाशी जाऊन त्यानं पोतं झटकलं.

पहिला घाव खाटेच्या लोखंडी दांड्यावर बसला. तो आवाज अजून माझ्या कानात आहे. वनिता उलट्या बाजूनं खाली पडली, टाके उकलले, तिच्या पाठीवरून रक्त वाहू लागलं. बायका लेकरं कवटाळून भिंतींकडे पळाल्या. ती फरशीवर सरपटत होती आणि तो खाटेला वळसा घालत होता.

सिस्टरांनी शेजारच्या खाटेचा सलाइनचा स्टँड उचलला. बाटली खाली पडून फुटली. पहिला फटका त्याच्या मनगटावर बसला, दुसरा कोपरावर. हाड मोडल्याचं ऐकू आलं. कुऱ्हाड सुटून खाटेखाली गेली. देवराम गुडघ्यांवर आला आणि मोडका हात छातीशी धरून म्हणाला, "नोको बाई."

मग सिस्टरांनी त्याला आणखी तीन वेळा मारलं. एक खांद्यावर, एक बरगड्यांत, एक डोक्यात. शेवटच्या फटक्याला तो आडवा झाला. मी तीन पावलांवर उभी होते. मी ओरडले नाही, त्यांचा हात धरला नाही. कुणीतरी बाई मागून म्हणाली, "अखीन हाना."

सिस्टर थांबल्या. स्टँड खाली ठेवला. त्यांनी आधी त्या शेजारच्या बाईच्या हातातली सुई काढली, कारण स्टँड उचलताना नळी ओढली जाऊन तिथून रक्त येत होतं. तिथे कापूस दाबला. मग वनितापाशी गुडघे टेकून बसल्या आणि म्हणाल्या, "स्ट्रेचर आना. दोन."

देवरामला भंडाऱ्याला नेलं. हाताला प्लास्टर घालून, डोक्याला टाके घालून चार दिवसांनी पोलिसांनी त्याला परत आमच्याच रुग्णालयात आणून टाकलं आणि स्टुलावर एक शिपाई बसवला. पुरुषांच्या वॉर्डात त्या आठवड्यात रामटेके सिस्टरांचीच पाळी होती. दुसरी सिस्टर म्हणाली, मी बदलून घेते. त्या नाही म्हणाल्या.

पहिल्या दिवशी त्यानं त्यांच्या हातचं पाणी घेतलं नाही. ओठ घट्ट मिटून पडून राहिला.

"पे," सिस्टर म्हणाल्या. "मले मारायचंच असतं तं त्या दिवशी मी थांबली नसती."

तो प्यायला. डोक्याची पट्टी जखमेला चिकटली होती. ओढली तशी तो ओरडला. सिस्टरांनी हात थांबवला, पट्टीवर पाणी सोडलं, ती भिजेपर्यंत वाट पाहिली, मग हळू हळू सोडवली. वनिताच्या केसांतलं रक्त त्यांनी ज्या बोटांनी काढलं होतं त्याच बोटांनी, तेवढ्याच हळू. मला ते पाहवलं नाही. खरं सांगायचं तर मला राग आला. कुणाचा, ते मी त्या वेळी ठरवू शकले नाही.

चौकशी लागली. देवरामच्या भावानं तक्रार केली होती की सिस्टरनं पडलेल्या माणसाला मारलं. मोठ्या डॉक्टरांनी सगळ्यांना खोलीत बोलावून सांगितलं की झटापटीत तो स्टँडवर पडला, असं सगळ्यांनी म्हणायचं. सगळ्यांनी माना हलवल्या. मग सगळे माझ्याकडे पाहू लागले. तिथे बाहेरची मी एकटीच होते आणि सगळ्यांत जवळून मीच पाहिलं होतं.

मी सिस्टरांना शोधत चादरींच्या खोलीत गेले. त्या धुऊन आलेल्या चादरींच्या घड्या घालत होत्या.

"सिस्टर, मी काय सांगू?"

"काय पाह्यलं?"

"पाच फटके."

"मंग पाच सांग."

"तुमची नोकरी जाईल."

"पहिले दोन भेवाचे होते. त्याच्या हातात कुऱ्हाड होती. बाकीचे माह्ये होते." त्यांनी चादरीचं एक टोक माझ्या हातात दिलं. "धर. सिधं धर."

आम्ही दोघींनी ती चादर ताणली. मी विचारलं, "बाकीचे का मारले?"

"थो 'नोको बाई' म्हने," त्या म्हणाल्या. "वनिताबी त्याले तसंच म्हनली असन ना, घरात? नोको म्हनून? मले तिचंच आयकू आलं." मग चादर माझ्या हातातून घेऊन त्यांनी तिची शेवटची घडी घातली. "पन हे तिथी सांगू नोको. हे काइ कारन नाइ होत."

मी पाच सांगितले. कोणते दोन आणि कोणते तीन, हेही सांगितलं. समोरच्या अधिकाऱ्यानं कागद खाली ठेवून माझ्याकडे पाहिलं आणि म्हणाला, "तुमचं बोलणं त्यांच्या लेखी खुलाशाशी जुळतं. बाकी कुणाचंच जुळत नाही." सिस्टरांनी माझ्या आधीच सगळं लिहून दिलं होतं. मोठ्या डॉक्टरांनी पुन्हा विचार करा म्हणून दोनदा परत केलेला तो कागद त्यांनी तिसऱ्यांदा तसाच दिला होता.

त्यांना निलंबित केलं. गावातल्या बायकांनी निवेदन दिलं, दवाखान्यापुढे बसल्या. काही महिन्यांनी त्यांना कामावर घेतलं आणि दूर गोसीखुर्दकडे, धरणानं उठवलेल्या लोकांच्या नव्या वस्तीजवळ एका प्राथमिक आरोग्य केंद्रात धाडलं. देवराम वॉर्डातल्या हल्ल्यासाठी तुरुंगात गेला. तिथे साक्षी पुष्कळ होत्या. घरातल्या कुऱ्हाडीबद्दल मात्र वनितानं कोर्टात जबानी फिरवली. पाय घसरला, म्हणाली. मी ते सिस्टरांना फोनवर सांगितलं तेव्हा माझा आवाज चढला होता. त्यांचा नव्हता.

"तिले त्याच गावात राहाचं हाये," त्या म्हणाल्या. "मी तिले जगवलं. आता कसं जगाचं ते तिले ठरवू दे."

"पण मग तुम्ही एवढं सोसलं ते कशासाठी?"

"मी सोसलं ते माह्या तीन फटक्याइसाठी. तिच्यासाठी नाइ."

प्रबंध लिहिताना मी हा सगळा भाग घातला होता. मार्गदर्शक म्हणाले, हा प्रसंग कोणत्याच तक्त्यात बसत नाही, काढून टाका. मी काढला. पदवी मिळाली, नोकरी मिळाली. परिचारिकांवरच्या ताणाबद्दल मी परिषदांतून बोलते. सिस्टरांबद्दल कधी बोलले नाही.

त्यांना मी आणखी एकदाच भेटले. पवनीहून एसटीनं त्या नव्या वस्तीत गेले, न कळवता. लसीकरणाचा दिवस होता. व्हरांड्यात बायका लेकरं घेऊन बसल्या होत्या आणि सिस्टर एकेक मांडी पकडून सुई टोचत होत्या. केस पिकले होते, पाय सुजले होते. मला पाहून म्हणाल्या, "बस. चहा येते." जणू मी कालच गेले होते.

चहा आला नाही. आला तो मासळीचा टेम्पो, हॉर्न दाबत, थेट व्हरांड्यापर्यंत. पाण्यात जाळी कुणी कुठे टाकायची यावरून दोन माणसांचं भांडण झालं होतं आणि एकाच्या मांडीत मासे कापायची सुरी पार आत गेली होती. बर्फाच्या पेट्यांमध्ये तो आडवा पडला होता. रक्त उसळ्या मारत येत होतं. ज्यानं मारलं तो पळाला नव्हता. टेम्पोला धरून उभा होता, कोपरापर्यंत लाल, आणि थरथरत होता. केंद्राची गाडी पेशंट घेऊन गेलेली होती आणि डॉक्टर भंडाऱ्याला मीटिंगला होते.

सिस्टरांनी हातातली सुई ट्रेमध्ये ठेवली. पदर खोचला, एक बाई पुढे झाली तिच्या खांद्याला धरून त्या टेम्पोवर चढल्या आणि दोन्ही मुठी त्या माणसाच्या जांघेत रोवून सगळं अंग त्यांच्यावर टाकलं. रक्त थांबलं. मग त्यांनी मान वळवून त्या थरथरणाऱ्याकडे पाहिलं.

"तूच मारलं ना?"

त्यानं मान हलवली.

"मंग चढ. याचं डोस्कं मांडीवर घे. थंड नाइ पडू द्याचं. बोलत राह्य त्याच्यासंगं."

तो चढला. त्यानं ते डोकं मांडीवर घेतलं आणि मोठ्यानं रडू लागला. "रडू नोको, बोल!" सिस्टर ओरडल्या, आणि ड्रायव्हरला म्हणाल्या, "गड्डे पाहू नोको. चाल."

टेम्पो निघाला. लेकरं रडत होती, बायका उठून रस्त्यावर आल्या होत्या, मीही त्यांच्यात उभी होते. रस्ता सरळ होता, दोन्ही बाजूंना नव्या वस्तीची एकसारखी घरं. टेम्पो खड्ड्यांतून उडत होता. ती तिन्ही माणसं एकमेकांवर आदळत होती आणि रडणाऱ्याच्या तोंडून आता काहीतरी शब्द निघताना दिसत होते. वळणावर टेम्पो एका अंगावर कलला. सिस्टरांचा तोल गेला, खांदा पेटीवर आपटला, पण मुठी जिथल्या तिथेच राहिल्या.